लांब पल्ल्याची विजेरी : प्रस्तावना

२०१७-१८च्या सुमारास चीनमधल्या लुमिनटॉप कंपनीने एक अवाढव्य विजेरी बाजारात आणली. नाव बीएलएफ जीटी. डोक्याचा व्यास सुमारे १२ सेंटिमीटर, पोटात आठ लिथियम-आयन सेल आणि झोताचा कागदोपत्री पल्ला दोन किलोमीटर. आकाराचं कौतुक इथे फारसं नाही. याहून कितीतरी मोठे सर्चलाइट लष्करात आणि जहाजांवर शंभराहून अधिक वर्षं वापरात आहेत. नवल होतं ते आराखड्याचं. तो कंपनीने केलेला नव्हता. निरनिराळ्या देशांत राहणाऱ्या, बहुतेकांनी एकमेकांचं तोंडही न पाहिलेल्या हौशी मंडळींनी तो मिळून ठरवला होता. आरसा केवढा, एलईडी कोणता, सर्किट कसं, बटण दाबून धरलं तर काय व्हावं, इथपर्यंत सगळं. सर्किट एकाने आखलं, त्यातला प्रोग्रॅम दुसऱ्याने लिहिला, कारखान्याशी बोलणी तिसऱ्याने केली, आणि किंमत पगारदार माणसाला झेपेल एवढीच राहिली पाहिजे यावर सगळेच अडून बसले.

अशा तऱ्हेने विजेरी आखणं हा आता एक छोटासा पण स्वतंत्र विषय झाला आहे. त्यात प्रकाशशास्त्र आहे, उष्णतेचं गणित आहे, थोडी विद्युतविद्या, थोडं लेथकाम आणि पुष्कळशी घासाघीस. मराठीतून या विषयाकडे येणाऱ्या वाचकाचं स्वागत करताना एवढंच सांगतो की दहावीपर्यंतचं विज्ञान आणि भूमितीतला अन्वस्त आठवत असेल तर सामग्री पुरेशी आहे. अन्वस्त आठवत नसेल तरी अडणार नाही. मात्र बाजारात रुजलेली एक समजूत दाराबाहेर ठेवून यावं लागेल : जास्त ताकद म्हणजे जास्त पल्ला.

ही समजूत ल्यूमेनच्या आकड्याने पोसली आहे. विजेरीच्या खोक्यावर सर्वांत ठळक छापलेला असतो तो ल्यूमेनचा आकडा, आणि तो सांगतो की दिव्यातून एकूण किती प्रकाश बाहेर पडतो. तो कुठल्या दिशेला जातो याबद्दल तो अवाक्षर काढत नाही. घरातल्या साध्या एलईडी बल्बमधूनही हजारभर ल्यूमेन निघतात, पण त्या उजेडात अंगणापलीकडचं झाड दिसत नाही. लांबचं दिसण्यासाठी एका दिशेला किती प्रकाश एकवटला आहे हे मोजायचं असतं. त्याचं एकक कॅन्डेला. अंतर वाढलं की तोच प्रकाश जास्त क्षेत्रावर पसरतो आणि लक्ष्यावर पडणारा उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. शाळेतला व्यस्त वर्गाचा नियम तो हाच.

अमेरिकेतल्या विजेरी-उत्पादकांनी २००९ मध्ये एएनएसआय एफएल-१ हे मानक ठरवलं, तेव्हा पल्ल्याचीही व्याख्या झाली : लक्ष्यावर पाव लक्स उजेड पडेल ते अंतर. पाव लक्स म्हणजे निरभ्र रात्रीच्या पौर्णिमेचं चांदणं, ढोबळमानाने. गणित त्यामुळे फार सोपं होतं. कॅन्डेलाच्या आकड्याचं वर्गमूळ काढायचं, दुप्पट करायचं, की मीटरमधला पल्ला हाती येतो. दहा हजार कॅन्डेला म्हणजे २०० मीटर. दहा लाख कॅन्डेला म्हणजे २००० मीटर. जीटीच्या मंडळींनी डोळ्यांसमोर ठेवलेलं उद्दिष्ट हेच. आणि पल्ला दुप्पट हवा असेल तर कॅन्डेला चौपट लागतात. आराखड्याच्या पहिल्या बैठकीत या वाक्यावर बहुतेकांचा उत्साह थोडा ओसरतो, आणि तो ओसरलेलाच बरा.

या व्याख्येत एक गंमत दडलेली आहे. दोन किलोमीटरवर उभा असलेला माणूस भर पौर्णिमेतही नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. म्हणजे खोक्यावरचा पल्ला खरा असूनही उपयोगाचा नसतो. दुर्बीण हातात असेल तर गोष्ट वेगळी. निम्म्या अंतरावर उजेड चौपट, म्हणजे एक लक्स होतो. कामाचा पल्ला तिथून मोजावा असं मला वाटतं. कंपन्या तसं करणार नाहीत, पण आराखडा आपण करत असू तर आपल्याला कोण अडवतो?

आता मूळ मुद्द्याकडे. कॅन्डेला वाढवायचे कसे? यासाठी एक विचारप्रयोग करू. अंधारात, विजेरीपासून पुष्कळ लांब, बरोबर झोताच्या मध्यभागी उभे राहा आणि विजेरीकडे बघा. (प्रत्यक्षात डोळ्यांना काळी काच लावून.) तुम्हाला एलईडीचा ठिपका वेगळा दिसणार नाही, आरशाची सगळी थाळीच पेटलेली दिसेल. आरशाचा प्रत्येक भाग तुम्हाला एलईडीचंच प्रतिबिंब दाखवत असतो. आणि तो प्रत्येक भाग एलईडीच्या पृष्ठभागाइतकाच तेजस्वी असतो. त्याहून जास्त कधीच नाही. कितीही महाग आरसा किंवा भिंग आणा, स्रोताची तेजस्विता प्रकाशयंत्रणेने वाढवता येत नाही. हा निसर्गनियम आहे आणि त्यात पळवाट नाही. त्यामुळे हिशेब दोनच गोष्टींवर येऊन ठेपतो : एलईडीचा दर चौरस मिलिमीटर किती तेजाने पेटतो, आणि आरशाच्या तोंडाचं क्षेत्रफळ किती. दोन्हींचा गुणाकार केला, आरशात, काचेत आणि मधल्या भोकात वाया जाणारा प्रकाश वजा केला, की कॅन्डेला मिळतात.

आकडे घालून पाहू. समजा, एलईडीची तेजस्विता दर चौरस मिलिमीटरला १०० कॅन्डेला आहे. १० सेंटिमीटर व्यासाच्या आरशाचं क्षेत्रफळ सुमारे ७,८५० चौरस मिलिमीटर. गुणाकार ७ लाख ८५ हजार, तूट धरून साडेसहा लाख. व्यास १२ सेंटिमीटर केला तर क्षेत्रफळ ११,३०० आणि तूट धरून साडेनऊ लाख. दहा लाखांचं उद्दिष्ट ठेवणाऱ्यांची विजेरी ताटलीएवढ्या डोक्याची का झाली, याचं उत्तर या गुणाकारात आहे.

या हिशेबात ल्यूमेन कुठेच आले नाहीत, हे ध्यानात आलं असेल. तेजस्विता तेवढीच ठेवून एलईडीचा आकार दुप्पट केला तर ल्यूमेन दुप्पट होतील, सेल दुप्पट वेगाने संपतील, विजेरी दुप्पट तापेल, आणि पल्ला होता तिथेच राहील. झोताचा मधला ठिपका तेवढा रुंदावेल. एका आरशात चार एलईडी कोंबणाऱ्या, दहा-दहा हजार ल्यूमेनची जाहिरात करणाऱ्या विजेऱ्या पन्नास मीटरवरचं मैदान दिवसासारखं उजळतात, पण समोरचा डोंगर अंधारातच राहतो, तो याच कारणाने.

म्हणून या विषयातला सगळा इतिहास हा छोट्या, तेजस्वी स्रोताच्या शोधाचा इतिहास आहे. जुन्या दीपगृहांकडे तेलाची मंद वात होती, तेजस्विता जेमतेम. त्यांनी क्षेत्रफळ वाढवलं. ऑग्युस्तँ फ्रेनेलने भिंगाची कडी-कडीने फोड करून ते पातळ केलं आणि १८२३ मध्ये फ्रान्समधल्या कॉर्दुआँ दीपगृहावर ते बसवलं. त्यानंतर माणूसभर उंचीची भिंगं शक्य झाली. हातातल्या विजेरीची गोष्ट उलटी. तिथे क्षेत्रफळाला मुठीची मर्यादा आहे. १८९९ मध्ये डेव्हिड मिसेलला अमेरिकेत नळीच्या आकाराच्या विजेरीचं पेटंट मिळालं, तेव्हापासून शतकभर तापलेल्या तारेवरच भागवलं गेलं. आपल्या घरांतल्या एव्हरेडी किंवा जीपच्या दोन-तीन मोठ्या सेलांच्या धातूच्या बॅटऱ्या त्याच घराण्यातल्या. निळ्या एलईडीने हे चित्र पालटलं. त्याबद्दल आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं नोबेल मिळालं. निळ्या एलईडीवर पिवळसर फॉस्फरचा थर दिला की पांढरा प्रकाश मिळतो, आणि तो अगदी लहान जागेतून येतो.

हौशी लोकांनी या एलईडीशी जे उद्योग केले ते वाचण्यासारखे आहेत. एलईडीवर सिलिकोनचा पारदर्शक घुमट असतो. त्यामुळे जास्त ल्यूमेन बाहेर पडतात, पण आतला चिप भिंगातून पाहिल्यासारखा मोठा दिसतो आणि तेजस्विता घटते. मंडळींनी तो घुमट पात्याने कापला, पेट्रोलात भिजवून सैल केला. ल्यूमेन घसरले, रंग पिवळसर झाला, आणि पल्ला वाढला. पुढे क्री कंपनीने ‘एचआय’ या नावाखाली बिनघुमटाचे एलईडी कारखान्यातूनच द्यायला सुरुवात केली. जीटीत बसला तो त्यांतलाच एक्सएचपी-३५ एचआय. त्यानंतर ओस्रामचे एक-दोन चौरस मिलिमीटरचे सपाट पांढरे एलईडी आले; ते दर चौरस मिलिमीटरला २०० कॅन्डेलाच्या पुढे जातात. तुलनेसाठी, माध्यान्हीचा सूर्य सुमारे १६००. लेझरने फॉस्फर पेटवणाऱ्या विजेऱ्याही आता मिळतात. पल्ला अफाट, झोत पेन्सिलीसारखा बारीक, किंमत भारी. कमी खर्चाच्या आराखड्यात त्यांना अजून जागा नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

अरुंद झोताची किंमत यंत्रकामात मोजावी लागते. स्रोत २ मिलिमीटरचा आणि आरशाचं नाभीअंतर २५ मिलिमीटर असेल तर ठिपका ५०० मीटरवर सुमारे ४० मीटर रुंद पडतो. स्रोत निम्मा केला की ठिपकाही निम्मा. एवढ्या काटेकोर यंत्रणेत एलईडी नाभीपासून काही दशांश मिलिमीटर सरकला तरी मध्ये काळं वर्तुळ दिसू लागतं आणि कॅन्डेला कोसळतात. एलईडीभोवतीची प्लॅस्टिकची छोटी कडी काही पैशांची असते, पण आराखड्यातला सर्वांत जास्त पत्रव्यवहार बहुधा तिच्यावर होतो.

उष्णतेबद्दल थोडक्यात. एलईडीला दिलेल्या विजेपैकी अर्ध्याहून अधिक उष्णता होते, आणि ती दोन-चार चौरस मिलिमीटरमधून बाहेर काढायची असते. एलईडी ज्या पट्टीवर जोडतात ती तांब्याची असावी, आणि एलईडीच्या तळाचा उष्णता वाहून नेणारा भाग मध्ये कुठलाही विद्युतरोधक थर न येता थेट तांब्याला टेकावा. स्वस्त अॅल्युमिनियमच्या पट्टीत तो थर असतो आणि सगळी मेख तिथेच आहे. इथे वाचवलेले पन्नास रुपये तेजस्वितेत दामदुप्पट वसूल होतात.

सेलांबद्दल मात्र थोडं थांबावं लागेल, कारण हा विषय सुरक्षिततेचाही आहे. १८६५० या नावातच सेलचं माप आहे : व्यास १८ मिलिमीटर, लांबी ६५. सरासरी दाब ३.६ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर ४.२. चांगल्या सेलची क्षमता तीन ते साडेतीन हजार एमएएच. बाजारात ‘९९०० एमएएच’ छापलेले १८६५० सेल सर्रास मिळतात. तो आकडा धादांत खोटा असतो. जीटीत चार-चार सेल एकापुढे एक जोडलेले आहेत, कारण तिचा एलईडी १२ व्होल्टचा. अशा जोडणीत एक जुना आणि तीन नवे सेल मिसळले तर जुना आधी रिकामा होतो, बाकीचे त्याच्यातून प्रवाह रेटत राहतात, त्याचे ध्रुव उलटतात, आणि बंद नळीत लिथियमचा सेल पेटणं ही किरकोळ गोष्ट नाही. सामूहिक आराखड्यात ‘सेल ज्याचे त्याने आणावेत’ असं ठरतं तेव्हा खर्च खाली येतो खरा, पण पुस्तिकेत ही सूचना पहिल्या पानावर हवी. आठ सेल, प्रत्येकी ३ अॅम्पिअर-तास, म्हणजे सुमारे ८६ वॉट-तास ऊर्जा. एलईडी ३० वॉट खात असेल तर सर्किटमधली तूट धरून अडीच तास. असे हिशेब स्वतः करायची सवय लागली की जाहिराती वाचायला मजा येते.

आतापर्यंत सांगितलं ते निसर्गाचं. ते अवघड नाही. अवघड आहे ते माणसांचं, आणि या विषयाचा खरा गाभा मला तिथे दिसतो.

लोकांना एकत्र बोलावून ‘विजेरी कशी हवी’ असं विचारलं की मागण्यांचा पाऊस पडतो. यूएसबीने चार्ज व्हावी, तळाला लोहचुंबक हवा, तिपाईला आटे हवेत, बाजूला लाल दिवा हवा, रंग तीन हवेत, आणि खिशात मावली पाहिजे. प्रत्येक मागणी एकेकटी वाजवी असते. पण चार्जिंगचं छिद्र म्हणजे पाणी शिरायला वाट, बाजूचा दिवा म्हणजे उष्णतेच्या वाटेवर अतिक्रमण, तिसरा रंग म्हणजे अॅनोडायझिंगचा वेगळा घाणा. कारखाना घाण्याच्या हिशेबाने पैसे घेतो. म्हणून यशस्वी ठरलेल्या प्रकल्पांत सुरुवातीलाच एक आकडा पवित्र मानला जातो. जीटीत तो दहा लाख कॅन्डेलाचा होता. वजन, लांबी, खिसा, या सगळ्यावर पाणी सोडलं गेलं. गटाला सर्वांत जास्त वेळ लागतो तो काय घालायचं यापेक्षा काय वगळायचं यावर एकमत व्हायला, आणि गटाची खरी निर्मिती मी तरी त्या वगळलेल्या गोष्टींच्या यादीलाच मानतो. विजेरी तिच्या मागून येते.

कारखाना या भानगडीत का पडतो? त्याच्या बाजूने सौदा वाईट नसतो. आराखड्याची मेहनत फुकट मिळते, चाचणी करणारे चिकित्सक लोक फुकट मिळतात, आणि माल तयार होण्याआधी गिऱ्हाइकांची यादी हातात असते. मोबदल्यात गटाला कमी भाव मिळतो. खुल्या बाजारात कारखाना तीच विजेरी सहसा जास्त भावाने विकतो. खर्चाचा मोठा वाटा आरशाच्या साच्याचा. तो एकदाच होतो, त्यामुळे मागणी जितकी जास्त तितका तो दर नगाला कमी पडतो. बटण, काच, रबरी कडी, स्क्रू हे शक्यतो कारखान्याच्या फडताळात आधीच असलेले घ्यावेत. नवीन करायचं ते आरसा आणि डोकं. बाकी ठिकाणी कल्पकता दाखवायचा मोह आवरावा. पहिला नमुना दोघा-तिघांकडे टपालाने येतो, दोष निघतात, दुसरा नमुना होतो. घाई करणारे गट दुसरा नमुना गाळतात आणि मग शेकडो लोकांच्या हातात एकच दोष पोचतो.

प्रोग्रॅमची बाजू तर मला फारच आवडते. या विजेऱ्यांत बरेचदा अॅटटायनी-८५ नावाची इवलीशी चिप असते, तिची स्मृती फक्त ८ किलोबाइट. तेवढ्यात उजेडाच्या पायऱ्या, तापमानाची देखरेख, सेल रिकामा होत आल्याची सूचना, सगळं बसवायचं. हौशी लोकांनी लिहिलेले असे काही प्रोग्रॅम जीपीएल या मुक्त परवान्याखाली उपलब्ध आहेत. एका विजेरीसाठी केलेलं काम पुढच्या विजेरीला मिळतं ते त्यामुळे. आराखड्यांचंही तसंच झालं : जीटीच्या मागोमाग तिच्या नावावर एका सेलवर चालणारी ‘मिनी’ आली, मोठ्या एलईडीची जीटी-९० आली.

मराठी वाचकाला या सगळ्याचं काय, हा प्रश्न रास्त आहे. दोन किलोमीटरचा झोत आपल्याकडे कोणाला लागतो? फार थोड्यांना. पावसाळ्यात सह्याद्रीच्या धुक्यात तर तो अडचणच करतो; पाण्याच्या कणांवरून उलटलेला प्रकाश आपल्याच डोळ्यांवर येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. (तिथे विजेरी डोळ्यांपासून लांब, कमरेच्या उंचीवर धरावी, फरक पडतो.) पण शेतीपंपाला रात्रपाळीची वीज मिळते म्हणून मध्यरात्री पाणी द्यायला निघणारा शेतकरी, त्यातही जुन्नरसारख्या उसाच्या पट्ट्यात बिबट्याच्या सावटाखाली निघणारा, हा या विषयाचं हक्काचं गिऱ्हाईक आहे आणि त्याला विचारून कोणी विजेरी आखल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

त्याची गरज मांडू. समोर ३०० मीटरपर्यंत स्वच्छ दिसावं, पायाशी साप दिसेल एवढा बाजूचा मंद उजेड असावा, पाऊस सोसावा, सेल तालुक्याच्या गावी मिळावा. ३०० मीटरवर एक लक्स म्हणजे ९०,००० कॅन्डेला. तेजस्विता आधीसारखीच १०० धरली तर ४० मिलिमीटर व्यासाचा आरसा पुरतो : क्षेत्रफळ १,२५६, गुणाकार सव्वा लाख, तूट धरून लाखाच्या आसपास. म्हणजे ताटलीएवढं डोकं नको, आठ सेल नकोत; एका सेलवर, एका मुठीत काम भागतं. आरशातून न जाता थेट सांडणारा प्रकाश पायाशी पडतो, त्याला वेगळा खर्च नाही. असं डोकं कातण्याइतकी सीएनसी यंत्रं पिंपरी-चिंचवड, नाशिक, कोल्हापूरच्या वर्कशॉपांत आहेत. झोत बिबट्याच्या किंवा कुठल्याही जनावराच्या डोळ्यांवर रोखून धरू नये, आणि विमानाकडे तर कधीच वळवू नये, हेही अशा विजेरीबरोबर सांगावं लागेल.

पुढे जाण्यापूर्वी वाचकाला एक काम सांगतो. स्वस्तातला का होईना, एक लक्समीटर मिळवा. मोबाइलमधलं अॅप यासाठी भरवशाचं नाही. घरातली विजेरी १० मीटरवरून मीटरच्या डोळ्यावर नेमकी रोखा आणि दिसलेल्या आकड्याला १०० ने गुणा. ते तुमच्या विजेरीचे कॅन्डेला. मोठ्या आरशाचा झोत एवढ्या अंतरावर पुरता जुळलेला नसतो, तिथे ३० मीटरवरून मोजा आणि ९०० ने गुणा. मग तुमच्या शेतात, घाटात किंवा बंदरावर तुम्हाला खरोखर किती लांबचं पाहायचं असतं ते अंतर पावलांनी मोजून कागदावर लिहा. असे दोन-दोन आकडे घेऊन वीस-पंचवीस माणसं एकत्र आली, की आरशाचा व्यास ठरवता येईल.